नवरा आलाय का? : गर्भपाताची नीती आणि परिचारिकेचं काम

(पारनेर येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. छापताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दाराशी जे उभे आहेत त्यांनी पुढं यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय बायकांचा म्हणून दाराशीच थांबायचं असं काही नाही. या विषयात पुरुषाचा वाटा असल्याशिवाय विषय उभाच राहत नाही. (हशा)

ही व्याख्यानमाला एका परिचारिकेच्या नावानं चालते, म्हणून मी आले. आमदार-खासदारांच्या, साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या नावानं व्याख्यानमाला पुष्कळ आहेत. नर्सच्या नावानं किती आहेत? संयोजकांनी फोनवर विषय विचारला, मी ‘गर्भपात’ म्हणाले. पलीकडं जरा शांतता. मग म्हणाले, ‘ताई, पत्रिकेवर महिला आरोग्य असं छापलं तर चालेल का?’ छापा म्हटलं, बोलणार मात्र गर्भपातावरच. तेव्हा पत्रिका वाचून रक्तक्षय आणि आहार यांवर ऐकायला आलेल्यांची मी आधीच क्षमा मागते.

एका साध्या प्रसंगापासून सुरू करू. तीस-बत्तीस वर्षांची बाई, पदरात दोन मुलं, पाळी चुकलेली. ती रुग्णालयात येते. केसपेपर काढते, बाकावर बसते. डॉक्टरांच्या आधी तिची गाठ कोणाशी पडते? सिस्टरशी. बाई खाली बघत म्हणते, ‘पिशवी धुवायचीय.’ आपल्याकडं गर्भपात करायचाय असं कोणी म्हणत नाही. पिशवी धुवायची, मोकळं व्हायचं, क्युरेटिंग करायचं, असंच म्हणतात. आणि सिस्टर मान वर न करता विचारते, ‘नवरा आलाय का?’

हा प्रश्न कायद्यात कुठं आहे? मी वर्गात हा प्रश्न विचारते तेव्हा मुली एकमेकींकडं बघतात. कुठंही नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात संमती लागते ती त्या बाईची, फक्त तिची. अठरा वर्षांखालची असेल किंवा मानसिक आजारी असेल तर पालकांची. नियमांत जो ‘फॉर्म सी’ आहे त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. तरी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नवऱ्याची सही घेतली जाते, कधी सासूचा अंगठा घेतला जातो. आणि ज्या बाईचा नवरा मुंबईला माथाडीत आहे, कामोठ्याला राहतो, दिवाळी-यात्रेलाच गावी येतो, तिनं काय करायचं? आपल्या तालुक्यात अशी घरं किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ती परत जाते. आणखी तीन आठवडे जातात. साध्या गोळ्यांनी झालं असतं त्याला आता क्युरेटिंग लागतं, किंवा ती तिसरीकडंच कुठंतरी जाते आणि ताप घेऊन परत येते.

माझं आज सांगणं एवढंच आहे. गर्भपात बरोबर की चूक यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले. पण त्या बाईच्या वाट्याला त्यातली जी काही नीती येते, ती बहुतेक वेळा सिस्टरच्या दोन-तीन प्रश्नांतून येते. म्हणून नर्सनं काय विचारावं आणि काय विचारू नये हा फुटकळ शिष्टाचाराचा मामला नाही, नीतिशास्त्राचा आहे.

आता थोडं मागं जाऊ.

या महाराष्ट्रात ही चर्चा नवी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईला दिवस गेले तर तिच्यापुढं तेव्हा रस्ते कोणते होते? झाडपाल्याचं औषध, विहीर, नाहीतर मूल जन्मताच त्याचा गळा दाबणं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेनं तेच केलं आणि ती काळ्या पाण्यावर गेली. फुल्यांच्या घराचं दार उघडं होतं. तिथं येणारीला कोणाची हे विचारलं जात नव्हतं. तिथल्या बायकांचं सगळं सावित्रीबाईंनी पाहिलं. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणतो ते खरंच, पण प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली त्या गेल्या. मला विचाराल तर नर्सिंगच्या मुलींनी त्यांच्यावर आपलाही हक्क सांगायला हवा. पंढरपुरातही १८७५ साली असंच गृह निघालं. यात्रेच्या गावी विधवा कशा आणून सोडल्या जात हे वेगळं सांगायला नको.

आणि १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. निमित्त काय होतं? सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेनं नवजात मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली गेली. अपिलात शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं चालूच राहिलं. ताराबाईंचा सवाल सरळ होता. त्या पोराचा बाप कुठं आहे? सगळे अंगुलिनिर्देश एकीकडंच का? दीडशे वर्षांनंतर आपण तो बाप हुडकला, आणि त्याला सही करायला बसवला! (हशा) हसता, पण झालंय ते असंच.

कायद्याचं सांगते, थोडक्यात. १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा होता, करणाऱ्याला शिक्षा आणि करवून घेणाऱ्या बाईलाही. आजच्या भारतीय न्याय संहितेत ८८ वं कलम तेच आहे. म्हणजे गर्भपात आजही मुळात गुन्हा आहे, आणि १९७१ चा कायदा ही त्यातून दिलेली सूट आहे. ज्या समितीच्या अहवालावरून हा कायदा आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. अमेरिकेत हा हक्क १९७३ साली कोर्टानं दिला आणि २०२२ साली काढून घेतला. आपल्याकडं त्याच्या आधीपासून आहे आणि टिकून आहे, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण आपल्या कायद्यात बाईची इच्छा हे कारण नाही. डॉक्टरांनी सद्भावनेनं मत द्यायचं, मग होणार. विश्वास डॉक्टरवर टाकलाय, बाईवर नाही.

असं का? कारण हा कायदा हक्काच्या दारातून आलाच नाही, लोकसंख्येच्या दारातून आला. पारनेर तालुक्याला हे समजावून सांगायला नको. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानाबरोबर नसबंदी होती. गावाच्या भल्यासाठी होती, मी नाकारत नाही. पण त्याच काळात सरकारच्या मनातही हेच होतं आणि सरकारचा हात जड असतो. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं, हे इथल्या प्रत्येक पॅनेलप्रमुखाला तोंडपाठ आहे. मग तिसऱ्यांदा दिवस गेलेल्या सदस्यबाईंवर घरातून काय दबाव येतो? आणि ती सदस्य नसून तिचा नवरा असेल तर? ‘ऑपरेशन करून घेणार असशील तर पिशवी साफ करू,’ हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? हात वर करू नका, मान हलवली तरी पुरे. बघा.

तेव्हा पहिला मुद्दा हा, की आपल्याकडं बाईला गर्भपात मिळतो तो पुष्कळदा कोणाच्या तरी सोयीनं मिळतो. सरकारच्या, घराच्या, पॅनेलच्या. तिच्या म्हणण्यानं क्वचित.

दुसरा मुद्दा विचारांच्या चौकटींचा. नर्सिंगच्या मुलींना परीक्षेत ‘थिअरी’ म्हणून येतात त्या. भिऊ नका, लांबवत नाही.

१९७१ सालीच, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, ज्युडिथ जार्विस थॉम्सन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी एक लेख लिहिला. त्यात कल्पना अशी की तुम्ही सकाळी उठता तर तुमच्या पाठीला एक नामांकित व्हायोलिनवादक नळ्यांनी जोडलेला. नऊ महिने तुमची मूत्रपिंडं त्याच्यासाठी चालली तर तो जगेल. नळी काढायचा हक्क तुम्हाला आहे की नाही? गर्भाला माणूस मानलं तरीही बाईचं शरीर वापरायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, असं त्यांना दाखवायचं होतं. युक्तिवाद धारदार आहे. मी तो वर्गात शिकवते. पण त्या गोष्टीतल्या बाईला सासू नाही, कांद्याची लागण तोंडावर आलेली नाही, धाकटं अंगावर पीत नाही. ती खोलीत एकटी आहे. आपली बाई एकटी कधी असते?

दुसरी चौकट चार तत्त्वांची. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं, त्याला इजा न करणं, आणि न्याय. १९७९ पासून वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांत हीच चौकडी आहे. उपयोगी आहे, पाठ करा, मार्क मिळतात. पुढं जाऊ.

मला जवळची वाटते ती तिसरी. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचे वरिष्ठ लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या, आणि त्या बसवल्या होत्या मुलग्यांच्या अभ्यासावर. त्या मापानं मोजलं की बायका खालच्या पायरीवर निघायच्या. गिलिगनबाईंनी काय केलं? गर्भपाताच्या निर्णयाशी आलेल्या २९ जणींशी त्या बोलल्या. वय १५ ते ३३. त्या बायका हक्क कोणाचा मोठा हे विचारत नव्हत्या. कोण दुखावेल, कोण माझ्यावर अवलंबून आहे, मी हे निभावू शकेन का, असा त्यांचा विचार चालला होता. गिलिगनबाई म्हणाल्या, ही खालची पायरी नाही, ही नीतीची निराळी रीत आहे. परिचारिकाशास्त्रानं ही कल्पना उचलून धरली, कारण नर्स रोज याच रीतीनं विचार करते. तिला कधी कोणी तत्त्वज्ञ म्हटलं नाही, एवढंच.

आणि गंमत बघा. हे लांब बोस्टनकडचं झालं, पण १९९० च्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या बायकांशी बोलून अभ्यास केला. मनीषाताईंची ‘मासूम’ संस्था पुरंदरची, आपल्या पारनेर तालुक्यातही तिचं काम आहे. त्या अभ्यासातल्या बायकाही हक्काच्या भाषेत बोलत नव्हत्या. घर, आधीची मुलं, तब्येत, बोभाटा न होणं, यांच्या भाषेत बोलत होत्या. आणि चांगली सेवा कशाला म्हणाल असं विचारल्यावर यंत्रसामग्री सांगत नव्हत्या. गुपित राहावं, बोलणं नीट असावं, नवऱ्याच्या सहीचा हट्ट नसावा. दवाखान्याचा दर्जा त्यांनी वागणुकीवरून ठरवला होता. मला नर्सिंगच्या पुस्तकांतून जे वीस वर्षांत नीट कळलं नाही ते या बायकांनी चार वाक्यांत सांगितलं.

चौथी चौकट १९९४ साली शिकागोत काळ्या बायकांनी मांडली. त्या म्हणाल्या, गर्भपाताचा हक्क एकटा पुरत नाही. मूल न होऊ देण्याचा, मूल होऊ देण्याचा, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा, असे तिन्ही हक्क एकत्र हवेत. सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी बाई डोळ्यांपुढं आणा. बाळंतपणाची रजा मागितली की काम जातं. तिनं गर्भपात केला तर तो तिचा निर्णय म्हणायचा का? म्हणायचा, पण निम्माच. ही चौकट आपल्या जिल्ह्याला परकी नाही. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली आले तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. आजार घरातून येतो, शेतातून येतो, जातीतून येतो. म्हणून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, कितीतरी निरक्षर, दलित वस्तीतल्या, आणि त्यांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या केलं. सगळं जग ते बघायला जामखेडला येतं. पारनेरहून किती जण गेलेत?

आता तिसरा मुद्दा. तो मला सगळ्यात अवघड वाटतो. नर्सचं स्वतःचं मन.

बेळगावची सविता हलप्पनवार तुम्हाला आठवत असेल. दंतवैद्य होती, वय ३१, आयर्लंडमध्ये गॉलवे इथं राहत होती. २०१२ च्या ऑक्टोबरात सतरा आठवड्यांची गरोदर असताना गर्भपात सुरू झाला, थांबण्यासारखा नव्हता. तिनं आणि नवऱ्यानं विनवलं की पिशवी मोकळी करा. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून केली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. मृत्यूच्या चौकशीत एका सुईणीनं, तिकडच्या प्रशिक्षित नर्सनं, साक्ष दिली. हा कॅथलिक देश आहे, असं आपण सविताला म्हणालो हे तिनं कबूल केलं. दुखवायला नव्हे, असं का चाललंय ते समजावून सांगायला. मी त्या बाईला शिव्या देणार नाही. तिनं नियम केला नव्हता. पण माझ्या पोरींनो, समजावून सांगणं आणि बाजू घेणं यांत फरक आहे. तिनं देशाची बाजू सविताला समजावली. सविताची बाजू डॉक्टरांना समजावायला त्या खोलीत कोण होतं? पुढं २५ मे २०१८ ला आयर्लंडमध्ये सार्वमत झालं आणि ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी राज्यघटनेतली बंदी काढली. तिच्या आईवडिलांना बेळगावात बसून ते ऐकावं लागलं.

आणि उलट बाजूही बोलली पाहिजे. पाचव्या महिन्यातल्या गर्भपाताला डॉक्टर औषध लिहून जातात. पुढचे आठ-दहा-बारा तास कोण असतं? सिस्टर आणि मावशी. कळा मोजायच्या, नाडी बघायची, पॅड बघायचं. रात्री अडीचला सगळं बाहेर येतं. ते ट्रेमध्ये घेणारे हात नर्सचे. वार पूर्ण आली की नाही हे ती दिव्याखाली धरून बघते, कारण तुकडा राहिला तर बाई रक्तस्रावानं जाईल. त्या ट्रेमध्ये काय असतं ते बघितलेल्या माणसाला तुम्ही ‘तो फक्त पेशींचा गोळा’ असं सांगून पाहा. मी सांगू शकत नाही. पुष्कळ नर्सेस दुसऱ्या दिवशी जेवत नाहीत. कोणी देवाला जाऊन येतं. याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तर नाहीच.

मग तिला नको म्हणायचा हक्क असावा का? ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात तसं कलम आहे. ग्लासगोच्या दोन सुईणी त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्या म्हणाल्या, प्रत्यक्ष काम तर नाहीच, पण आम्ही वॉर्डाची देखरेखही करणार नाही, कोणाची ड्यूटी लावणार नाही. २०१४ साली न्यायालयानं सांगितलं, प्रत्यक्ष हात लावायला नकार द्या, ड्यूटी लावायला देता येणार नाही. आपल्या कायद्यात असं कलमच नाही. माझं मत विचाराल तर, जिला खरोखर जमत नाही तिची ड्यूटी बदलून द्यावी, न बोभाटता द्यावी. वरिष्ठ सिस्टरनं या ड्यूट्या फिरत्या ठेवाव्यात, नवीन पोरीच्याच गळ्यात बांधू नयेत. पण रक्तस्राव होत असेल तेव्हा कोणाला सूट नाही. आणि टोमणा मारायची सूट तर कधीच, कोणालाच नाही. ‘तेव्हा कळलं नाही का?’, ‘आता ओरडतेस कशाला?’ हे कोणत्या धर्माच्या कोणत्या ग्रंथात लिहिलंय? गर्भ हा जीव आहे असं मानणाऱ्या बाईबद्दल मला आदर आहे, माझी आई तशीच होती. पण तिनंही वेदनेत असलेल्या बाईला कधी टाकून बोललेलं मी ऐकलं नाही.

चौथा मुद्दा, तो झटकून चालत नाही. लिंगनिवड.

‘ताई, तुम्ही म्हणता बाईला विचारा. बाईच म्हणाली मुलगी नको, तर?’ हा प्रश्न दर वेळी येतो आणि योग्य आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८८४ मुली होत्या. २०११ साली ८५२. बीडची ८०७. परळीत २०१२ साली एक बाई टेबलावर गेली, सांगलीच्या म्हैसाळला २०१७ साली ओढ्याकाठी पिशव्यांत १९ गर्भ सापडले. तेव्हा मी हे हलकं घेत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांच्या संघटनांनीच लढून १९८८ साली देशातला पहिला गर्भलिंगचाचणीविरोधी कायदा आणवला, मग १९९४ साली केंद्राचा आला. पण तो कायदा नीट वाचा. गुन्हा लिंग तपासण्यात आणि सांगण्यात आहे, गर्भपात मागण्यात नाही. आणि बाईवर नवऱ्यानं, नातेवाइकांनी सक्ती केली असंच न्यायालयानं आधी धरून चालायचं, असं त्यात लिहिलंय. कायद्यानं बाईला पीडित मानलं, आपण तिला संशयित केलं.

झालं काय, तर परळीनंतर धाडी पडल्या त्या मेडिकल दुकानांवर. गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच दुकानदार घाबरले. आता साधा हिशेब करा. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळते ती साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यापासून पुढं. मग गोळी घेणारीनं लिंग तपासलं कधी? गोळ्या आवळून एकही मुलगी वाचत नाही. उलट सातव्या आठवड्यात जिचं काम झालं असतं ती सोळाव्या आठवड्यात कुठल्यातरी मागच्या दारानं जाते. देशात २०१५ साली सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे बाया थांबत नाहीत. आपण त्यांना एकटं सोडतो, इतकंच होतं.

म्हणून मी म्हणते, नवव्या आठवड्याच्या आतल्या गोळ्या प्रशिक्षित नर्सला देता आल्या पाहिजेत. शेजारच्या नेपाळमध्ये देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शिकेत हेच सांगितलं. आपल्याकडं २०१४ च्या कायदादुरुस्तीच्या मसुद्यात नर्सेसचा समावेश होता, पुढं तो गळाला. डॉक्टर संघटनांना आवडलं नव्हतं, नर्स संघटनाही गप्प बसल्या. आपल्या गप्प बसण्याचीही किंमत असते.

बाकी कायदा पुष्कळ पुढं आला आहे. निकेता मेहतांना २००८ साली मुंबई उच्च न्यायालयानं उशिराच्या गर्भपाताला परवानगी नाकारली, त्यातून डॉक्टर निखिल दातारांसारखे लोक लढत राहिले आणि २०२१ साली दुरुस्ती आली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक स्त्रियांना चोवीसपर्यंत दोघांच्या मतानं. त्या यादीत गरोदरपणात विधवा झालेली बाई आहे. १८६३ ची बाई कायद्याच्या यादीत आली, १५८ वर्षांनी. भायखळ्याच्या तुरुंगातल्या बायकांच्या प्रकरणात २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं निर्णय बाईचाच असं बजावलं. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित बाईलाही हाच न्याय, आणि कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती, जादा कागद, डॉक्टरांनी लावू नयेत. अल्पवयीन मुलगी असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, पण तिनं किंवा पालकांनी विनंती केली तर नाव उघड करायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्या जिल्ह्यात बालविवाह किती होतात ते मी इथं सांगायला हवं का?

आशाताईंनो, सिस्टरांनो, आता तुमच्याशी शेवटचं. गर्भपाताचं प्रवेश रजिस्टर हा नियमानं गोपनीय दस्तऐवज आहे. ओटी रजिस्टरात, इतर कागदांवर त्या बाईचं नाव घालायचं नसतं, अनुक्रमांक घालायचा असतो. पाच वर्षांनी ते रजिस्टर नष्ट करायचं असतं. ते टेबलावर उघडं ठेवू नका. गावात ‘अमकीच्या सुनेचं क्युरेटिंग झालं’ ही बातमी जर आपल्या टेबलावरून गेली, तर ती बाई पुढच्या वेळी आपल्याकडं येणार नाही. नवऱ्याला विचारायचंच असेल तर ती स्वतः म्हणेल, ‘यांना आत बोलवा.’ तोवर विचारू नका. विचारायचं ते हे: शेवटची पाळी कधी आली? घरी कोणी मारतं का? हे तुम्हाला हवंय, की दुसऱ्या कोणाला? आणि तिसरा प्रश्न सासूला बाहेर बसवून विचारा.

आणि पारनेरकरांनो, सरकारी रुग्णालयाला गर्भपात सेवेसाठी वेगळी मान्यता लागत नाही, प्रशिक्षित डॉक्टर आणि सोय लागते. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सेवा कोणत्या वारी मिळते, डॉक्टर प्रशिक्षित आहेत का, सही कोणाची घेतात, हे रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा. समितीवर तुमचेच लोक आहेत. उत्तर लेखी घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

 प्रश्न असतील तर मी थांबले आहे. बायकांनी आधी विचारावेत.